पाणी सोडणाऱ्याचा नळ

वरच्या आळीला महिनाभर पाणी चढेना आणि सगळ्यांनी बोट दाखवलं सावळेरामकडं. येडगावचं धरण हाकेच्या अंतरावर, अन् वाडीत हंडाभर पाण्यासाठी भांडणं! पंधरा वर्षं गावाचं पाणी सोडणारा माणूस तो. वरच्या आळीची म्हातारी साळुबाई चारचौघांत त्याच्यावर कडाडली, "पाणी इकतोस का रं लेका?" ग्रामसभेत त्याच्याकडची पाणी सोडायच्या व्हॉल्व्हची चावी काढून घ्यायची, हे ठरल्यात जमा होतं. सावळेरामच्या जिवाला ते फार लागलं. काम जाईल ते जाईल, पण चोर म्हणून?

"अक्षदा, आता तूच बघ बाई," तो पंचायतीत काम करणाऱ्या पोरीला म्हणाला.

आणि काय सांगू राव, पोरगी लई कामाची! दोन हजार सहा साल ते. पंचायतीचा कॉम्प्युटर दोन वर्षं टॉवेल पांघरून बसलेला. दसऱ्याला हार घालायचा, एवढाच त्याचा मान. हिनं टॉवेल काढला. नळांना नवे मीटर बसले होतेच. रोज सकाळी एकशे बारा घरं पायी फिरून तिनं आकडे आणले, कॉम्प्युटरात भरले. कुत्री अंगावर आली, लोकांनी 'मीटरबाई' म्हणून चिडवलं, तरी पंधरा दिवसांत एकही खाडा नाही. असलं माणूस मिळायला गावाचं नशीब लागतं.

ग्रामसभेत तिनं एक बटण दाबलं, तशी सगळ्यात जास्त पाणी ओढणारी घरं पडद्यावर आली. पहिलं नाव बघून तिचा हात थबकला. "तात्या, उद्या बघू का?" ती हळूच सावळेरामला म्हणाली.

"उद्या कशापायी? आत्ता वाच. सगळ्या गावाला ऐकू दे!"

ती वाचेना. मग सावळेरामच पुढं वाकला. पहिलं नाव त्याचं स्वतःचं होतं.

दुसरा कुणी असता तर मशिनीला शिव्या घातल्या असत्या. ह्यानं आकड्यासकट स्वतःचं नाव मोठ्यानं वाचलं. मग तडक घरी गेला. हौदामागं गोणपाटाखाली नळाला जोडलेली मोटर सापडली. ती उचकटून त्यानं सभेत टेबलावर आणून आदळली. "घ्या. आन् ही चावीबी घ्या."

मागोमाग पिठाच्या हातानं त्याची बायको बायडाबाई आली. "म्हैन्यामागं मोटर म्या बशिवली," ती म्हणाली. "हे पाणी सोडाया भाईर असत्यात, ह्यांना पत्ता न्हाई. लोकं नावं ठिवतील म्हणून आपल्या नळाचा कॉक ह्यांनी अर्धाच उघडा ठिवला, पंधरा वर्सं! सात माणसं, दोन म्हशी, आन् करंगळीएवढी धार. हिरीवरनं हंडं आणून माजी कंबर गेली. ह्यांनी कधी इचारलं न्हाई."

साळुबाई उठली. टेबलावरची चावी उचलून तिनं सावळेरामच्या हातात दिली. "धर. आन् आधी हिचा कॉक पुरता उघड."

सावळेरामनं गावाकडं पाहिलंच नाही. "चुकलो गं," तो सगळ्यांदेखत बायकोला म्हणाला.