ढब्बूच्या नावातला हुकूम

रिटायर झाल्यापासून बाबांचे हात नुसते शिवशिवत होते, म्हणून त्यांनी लेकीच्या जनावरांच्या दवाखान्यासाठी प्रोग्राम लिहिला. मालकानं मोबाइलवर आपल्या जनावराचं नाव भरलं, की हा प्रोग्राम दुसऱ्या एका छोट्या प्रोग्रामला कामाला लावी आणि तो केसपेपर छापून देई. दोन महिने सुरळीत चाललं. बाबांनी त्याचं कौतुक इतक्यांना ऐकवलं, की शेजारीपाजारी जिन्यात त्यांना चुकवायला लागले.

मग ढब्बू नावाचा बोका आला. त्याची मालकीण कॉम्प्युटरच्या सुरक्षेचं काम करणारी. तिनं नावाच्या रकान्यात ढब्बू लिहिलं, अर्धविराम दिला आणि पुढे चक्क हुकूम सोडला, की मशीनवरच्या सगळ्या फायलींची यादी छाप. बाबांचा भोळा प्रोग्राम छापायचा हुकूम आणि आलेलं नाव एकाच ओळीत गुंफून मशीनच्या हवाली करायचा. अर्धविरामाशी एक हुकूम संपतो आणि पुढे दुसरा सुरू होतो, एवढंच मशीनला ठाऊक; हे सगळं नुसतं नाव आहे, हे त्याला कोण सांगणार? त्यानं इमानेइतबारे यादी छापली, चांगली अकरा पानं.

"काका, मी यादीच मागितली," ती हसत म्हणाली. "सगळं पुसून टाक म्हटलं असतं तर?"

बाबांचा चेहरा एवढासा झाला. लेकीच्या टेबलावर विकतच्या प्रोग्रामचं माहितीपत्रक त्यांना दिसलं. हा प्रोग्राम गेला तर आपल्याला इथं कोण विचारणार?

त्यांनी घरी बसून दुरुस्ती केली. आता छापणाऱ्या प्रोग्रामला मशीनवर तो जिथं ठेवलाय, थेट त्या पूर्ण पत्त्यावरून बोलवायचं आणि नाव वेगळं त्याच्या हातात द्यायचं. नावात कुणी काहीही लिहो, ते नावच. घरी झकास चाललं. दवाखान्यात मात्र ढिम्म! तिथलं मशीन वेगळ्या जातीचं, तो पत्ताच तिथं नव्हता. आता बोला.

झक्कत बाबा दवाखान्यातल्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर येऊन बसले. दुपारपर्यंत काम फत्ते झालं. ढब्बूच्या मालकीणबाईंनी पुन्हा येऊन तोच खोडसाळपणा केला, तेव्हा त्यांचा हुकूम बोक्याच्या नावासकट केसपेपरवर निमूट उमटला, बाकी काही घडलं नाही. पण बाबा काही हलेनात. दुसऱ्या दिवशी आले, तिसऱ्या दिवशीही आले. लेकीनं विचारलं, की कपाळाला आठ्या घालून म्हणायचे, थोडं राहिलंय.

चौथ्या दिवशी तिनं केसपेपरांचा गठ्ठा नीट लावायला म्हणून त्यांच्या पुढ्यात ठेवला.

"बाबा, प्रोग्रामचं काम पहिल्याच दिवशी झालंय, कळतं मला. उद्या जरा लवकर या, सकाळी गर्दी असते."