भेंडीच्या शिक्क्याचं पहिलं कलम

मी एक जुनी लोखंडी मतपेटी हाय, मित्रांनो, अन् पहिलेच सांगून ठेवतो, माहा स्वभाव संशयी हाय! त्यात माहा दोष नाई, मले बनवलंच तसं. कारखान्यात पत्रा वाकवून माहं आंग तयार केलं, वर एक बारीक चीर ठेवली, अन् झाकणाले असा खटका देल्ला का एकदा बसला का बसला. मंग जीपगाडीत बसून मी तिवस्याकडच्या गावागावात हिंडली. मतदानाच्या दिवशी सकाळी साहेब मले उलटी करून दाखवे, "पाहा बाप्पा, खाली हाय, आत काईच नाई!" तरी एखादा बुवा आत हात घालून चाचपेच. मले गुदगुल्या होत, पण मान वाटे. मंग लाखेचं सील. दिवसभर गाव माह्याकडं डोळे वटारून पाहे. काय दिवस होते!

मंग मशिनी आल्या. मी एका शाळेच्या सामानाच्या खोलीत पडली. माह्यावर लेझिमा, लेझिमांवर चुन्याचं पोतं. कितीक वर्षं कोणी इचारलंबी नाई.

पण औंदा का झालं, ऐका! हेडमास्तर गजेंद्र सर परिपाठाले म्हणाले, "देशाचं संविधान लिवलं तवा पोट्ट्याईले कोणी इचारलं नव्हतं. आपल्या शाळेचं तुमी लिवा. मनातला नियम चिठ्ठीवर लिवा, नाव टाकू नका, पेटीत टाका. ज्या नियमाच्या चिठ्ठ्या जास्त, तो पहिलं कलम." मले बाहेर काढलं, पुसलं, वऱ्हांड्यात स्टुलावर ठेवलं. मी फुगली! पण मनात म्हटलं, असे गोड बोलणारे लय पाह्यले.

पोट्टेबी माह्यासारखेच निंघाले. दोन दिवस एक चिठ्ठी नाई. आठवीतली आकांक्षा माह्याजवळ येऊन कुजबुजली, "नाव नसलं म्हणून का झालं? सर अक्षर ओळखतेत ना!"

"पेपर तपासून तपासून त्याईले आपली वेलांटीबी पाठ हाय," तिच्या वर्गातला संघपाल म्हणाला.

गोष्ट होती मुलींच्या संडासाच्या चावीची. ती सरांच्या हापिसात खिळ्याले राहे. जायचं असलं का सगळ्या मास्तरांसमोर उभं राहून मागायची. म्हणून त्यांच्याच वर्गातली जेबा घरून निघाली का पाण्याचा घोट घेत नव्हती. मागच्या महिन्यात कवायतीत चक्कर येऊन पडली. पण हे लिवायचं कोणी?

"सगळ्याईच्या चिठ्ठ्या मीच लिवतो," जेबा म्हणाली. "एकच अक्षर राह्यलं तर कोणाची कोणती, कसं समजन?"

"अन् तुहं ओळखलं तर?" आकांक्षानं इचारलं.

"ओळखू दे. मले तसंबी रोज सगळ्याईसमोरच मागा लागते ना."

आता नीट ऐका. लिवल्या जेबानं, पण टाकल्या ज्यानं त्यानं. मले बोटं कळतेत! एकाले मेंदी होती, एकाले खडू, एकाले चिवड्याचं तेल.

शनिवारी परिपाठात सरांनी मले उघडलं. एक चिठ्ठी वाचली, दुसरी, पाचवी, अन् चेहरा लाल!

"हे तर सगळं एकाच हातचं! बोगस मतदान! जेबा, उभी राय. एकटीनं पेटी भरली का तू?"

"नाई सर."

"मंग कोणाकोणाच्या हायेत? नावं सांग."

"नाई सांगत, सर. गुप्त हाय."

"तर मंग या सगळ्या मिळून मी एकच धरीन!"

मी आतून ओरडली, वेगवेगळे हात होते हो! पण लोखंडाचं कोण ऐकते? जन्मभर दुसऱ्यावर संशय घेतला मी, अन् एका पोरीचा खरेपणा काई मले सांगता आला नाई.

तेवढ्यात शाळेची खिचडी शिजवणारी सुभद्राबाई चुलीजवळून उठून आली. हातात सुरी.

"काहून ओरडून राहिले, सर? आमाले कुठी लिवता येत होतं? तरी याच डब्यात मत टाकलं ना आमी! शिक्का मारला, घडी केली, टाकलं. कोणाले देल्लं ते माह्या नवऱ्याले अजून समजलं नाई!"

मले डबा म्हणाली, पण माफ केलं. सगळे पोट्टे हसले. सर नाई हसले.

"आता शिक्का कुठून आणू मी?"

सुभद्राबाईनं भाजीतली एक जाड भेंडी उचलली अन् कच्चकन आडवी कापली. "हा घ्या. शाईचं पॅड तेवढं आणा."

झालं फेरमतदान! कागदावर लिवलं "चावी मुलींच्या ताब्यात", खाली एका बाजूले हो, एका बाजूले नाई. पोट्टे एकेक करून आडोशाले टांगलेल्या नकाशाच्या मागं जाऊन भेंडी दाबत अन् कागद माह्यात टाकत. सर माह्याजवळून हलेचनात. आकांक्षा म्हणाली, "सर, तुमी जरा दूर उभे राहा. मतदान केंद्रात पुढाऱ्याले थांबता येत नाई."

सर गेले बाप्पा दूर!

शाळेत मुली एकोणतीस. 'हो'वर भेंडीचे ठसे निंघाले एकावन्न. सरांनी तीनदा मोजले. पोरांनीबी मारले होते! सगळे सारखे, फुलासारखे. घ्या, ओळखा आता अक्षर!

तेच पहिलं कलम झालं, अन् चावी मुलींकडं आली. पण थांबा, टाळ्या वाजवू नका. बुधवारी तपासणीवाले पाहुणे आले अन् चावी पुन्हा हापिसातल्या खिळ्याले. "फक्त आजच्या दिवस," सर म्हणाले. जेबा कलमाचा कागद घेऊन हापिसाच्या दारात गेली अन् पाहुण्यांसमोर मोठ्यानं वाचून दाखवला. दुसऱ्यांदा वाचायच्या आत चावी तिच्या हातात होती.

म्हणून इनंती करतो, मित्रांनो. माहा गंज पुसा का नका पुसू, पण कलम लिवलं म्हणून बेफिकीर होऊ नका. ते वाचत राहा, अन् चावी कोणाजवळ हाय ते आपल्या डोळ्यानं पाहा. कोणी "फक्त आजच्या दिवस" म्हणालं, का समजा, वाचायचा दिवस आजच हाय.