उभं राहण्यापुरतं

“पायात गोळे आले होते काय रे?” बेकरीवाल्याने पिशवी काउंटरवर आदळली. “काल चष्मेवाल्याची शवपेटी पुढून मी उचलली. मी ख्रिस्ती, तो ज्यू. खांद्याने काही विचारलं नाही. आणि तू, तीस वर्षांचा शेजारी, डोळ्याला भिंग लावून बसून राहिलास!”

“हातात काम होतं,” घड्याळजी पुटपुटला.

“असेल बाबा. घड्याळं पळून जाणार होती!”

बेकरीवाला तरातरा निघून गेला.

काम कसलं? चिमट्यात साधा स्क्रूही नव्हता. शुक्रवारी मशिदीच्या पायरीवर चौघे बोलत होते, दुसऱ्या धर्माच्या मयतीला गेलं की इमान जातं. तेच चौघे काल समोरच्या फुटपाथवर उभे होते. घड्याळजीने मान खाली घातली आणि चष्मेवाल्याची पेटी दारावरून निघून गेली.

तीस वर्षं भिंत एक, दुकानं दोन. तिकडे काचा घासल्या जायच्या, इकडे काटे चालायचे. चहा आला की चष्मेवाला भिंतीवर दोनदा टकटक करायचा. आज चहा आला आणि ठेवल्या जागी निवून गेला.

दुपारी इमामसाहेब घड्याळाचा पट्टा बदलायला आले. घड्याळजीला वाटलं, हे एकदा ‘बरोबर केलंस’ म्हणाले की सुटलो.

“साहेब, ज्यू-ख्रिस्त्यांच्या मयतीला आपल्यात मनाई आहे ना?”

“कोणी सांगितलं?”

“मशिदीच्या पायरीवर बोलत होते.”

“पायरीवर चपला काढतात रे. धर्म आत येऊन विचारावा.” इमामसाहेब हसले, मग त्याचा चेहरा बघून हसू आवरलं. “पैगंबरसाहेबांसमोरून एकदा जनाजा चालला होता. ते उठून उभे राहिले. सोबतचे म्हणाले, हा तर ज्यू होता. ते म्हणाले, तो जीव नव्हता का?”

घड्याळजीच्या हातून पट्ट्याची पिन सुटली.

“कुराणात आहे, जे धर्मावरून तुमच्याशी लढले नाहीत, ज्यांनी तुम्हाला घराबाहेर काढलं नाही, त्यांच्याशी भलेपणाने वागायला मनाई नाही. त्याने तुला कुठून बाहेर काढलं होतं का?”

“हे दुकान त्यानेच मिळवून दिलं, साहेब.”

पिन शोधायला इमामसाहेबच खाली वाकले.

संध्याकाळी चष्मेवाल्याची मुलगी दारात आली. घड्याळजी ताडकन उठला. तिने कागदात गुंडाळलेलं नवं भिंग पुढे केलं.

“बाबांच्या टेबलात होतं. तुमच्यासाठी घासून ठेवलेलं. म्हणायचे, शेजाऱ्याची नजर कमी झालीय, पण तोंडावर बोलू नकोस, चिडेल.”

“पोरी, काल मी...”

“दिसलात मला.”

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

“बसा ना, काका.”

तो बसला नाही. पलीकडचं शटर खाली आलं, कुलूप लागलं, ती वळणावर दिसेनाशी झाली. मुठीत भिंग धरून तो दुकानाच्या पायरीवर तसाच उभा.

समोरून त्या चौघांतला एक जात होता. “काय हो, उभे का? कोणाचा जनाजा आहे?”

“शेजाऱ्याचा,” घड्याळजी म्हणाला.

त्या माणसाने वळून पाहिलं. रस्ता रिकामा होता.