तीन ठोके

डोंगर गुरगुरला की गावातली माणसं घराबाहेर पळायची, आणि द्वारकाबाई मोजायला लागायची.

वसमतची बस पायथ्याला सोडते. तिथून अर्धा तास चढून आलं की हे गाव, आणि या गावाच्या खालून गेली कित्येक वर्षं आवाज येतात. कधी दगडांचा ट्रक रिकामा केल्यासारखा, कधी नुसती घरघर. फळीवरचे पेले किणकिणतात, शेळ्या कान टवकारतात, आणि पुन्हा सगळं गप्प होतं. साहेब लोक आले, यंत्र लावून गेले, घाबरू नका म्हणाले आणि स्वतः मात्र मुक्कामाला वसमतला उतरले. गावानं त्यांना दोन दिवस नावं ठेवली आणि मग आवाजाची अन् बाहेर पळायची सवय करून घेतली. द्वारकाबाईला ती सवय काही झाली नाही. ती ओठ न हलवता मोजायची. एक. दोन. कधी तेवढ्यावरच थांबायचं. कधी तिसरा यायचा, आणि मग तिच्या हातातली भाकरी तव्यावर करपून जायची.

हे कुणाला ठाऊक नव्हतं. उलट पंचक्रोशीत तिचं नाव हिमतीची बाई म्हणून झालेलं. तिची नात प्रतिक्षा वसमतला कॉलेजात जायची. ती पोरगी रोज सकाळी आजीला मोबाइलपुढं बसवायची. ‘डोंगरावरची आजी’ या नावानं ते व्हिडिओ कुठल्या कुठं जायचे. आधी डोंगरावरचं रोजचं काहीबाही, म्हणजे शेळीची धार, वाळलेली हळद निवडणं, नाहीतर चुलीवरचं पिठलं. मग देशात काय चाललंय त्यावर आजीचं मत. आणि शेवटी हसून चार चांगले शब्द.

मतांना काय तोटा? जिभेला हाड नसतं म्हणतात, द्वारकाबाईच्या जिभेला तर लगामही नव्हता.

“परीक्षेचा पेपर फुटला म्हन्तात. आमच्या वक्ताला मास्तर लेकराचं डोस्कं फोडायचा, पेपर न्हाई फुटायचा! अन् हे निवडून आलेले? एकाच्या झेंड्याखाली निवडून येतेत अन् सकाळी दुसऱ्याच्या वसरीत जेवून राहिलेत. माझ्या शेळीला बी आपलं दावं कळतंय.” मग पदर सावरून ती हसायची. “असू द्या. भ्यायचं न्हाई. काई व्हत न्हाई. हसत ऱ्हायचं.”

लोक खाली लिहायचे, आजी, तुमच्याकडून पॉझिटिव्ह एनर्जी मिळते. प्रतिक्षानं ते वाचून दाखवलं तेव्हा द्वारकाबाईनं विचारलं, “ते काय असतंय?”

“तुझ्यापाशी लई हाय ते आजी.”

द्वारकाबाई “बराबर” म्हणाली आणि चुलीकडे वळली. आपल्यापाशी काय आहे हे तिचं तिलाच माहीत होतं.

तिचा नवरा संतराम विहिरी खोदायचा. माणूस कमी बोलणारा, पण खडकाची नस ओळखणारा. पन्नास-साठ फूट खालून बोललेलं वर येईस्तोवर घुमून जातं, शब्द काही कळत नाही. म्हणून पहारीच्या ठोक्यांची खूण असायची. एक ठोका, टोपलं सोडा. दोन, भरलंय, ओढा. आणि तीन म्हणजे मला वर घ्या. रहाटाच्या दांड्याला द्वारकाबाई असायची. दुसऱ्या कुणाच्या हातात दोर द्यायला संतराम तयार नसायचा.

अकरा वर्षांपूर्वी तो स्वतःच्या शेतातली विहीर खोदत होता. नेमका निवडणुकीच्या निकालाचा दिवस. विहिरीच्या काठावर गावातली चार माणसं मोबाइल घेऊन जमलेली, आणि वाद असा पेटलेला की एकाचं दुसऱ्याला ऐकू येईना. द्वारकाबाई गप्प बसणाऱ्यांतली थोडीच! एका शहाण्याला ती असं काही उत्तर देत होती की बाकीचे खदाखदा हसत होते. तेवढ्यात खालून तीन ठोके आले. त्या गलक्यात ते तिला एकटीलाच ऐकू आले, कारण तिचे दोन्ही हात दांड्यावर आणि कान सवयीनं विहिरीत होते. आणि ती मनात म्हणाली, थांबा जरा, येवढं बोलून घेते.

एक वाक्य पुरं व्हायला किती वेळ लागतो? तेवढ्या वेळात विहिरीची एक बाजू खाली आली.

कपार निसटली आणि संतराम गेला, एवढंच गावाला माहीत. मुलगा विजयकुमार यालाही तेवढंच माहीत. तिनं कुणाला सांगितलं नाही. पुढं जमिनीतून आवाज आला की साहेब लोक काहीही म्हणोत, तिला वाटायचं, तो अजून ठोकतोय. दिवसा ती जगाला भिऊ नका म्हणायची ते खरं तर याच भीतीनं. आपण गप्प बसलो तर ऐकू येईल, याची तिला धास्ती वाटायची.

या उन्हाळ्यात दोन-तीन धक्के बसले आणि पुढं पुरी करून घेतलेल्या त्या विहिरीचं पाणी तळाला गेलं. गाळ काढल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. विजयकुमार म्हणाला, मीच उतरतो.

“तू नगं उतरू इज्या. दुसरी मानसं लाव.”

“काहून? आई, साऱ्या महाराष्ट्राला भ्यायचं न्हाई म्हन्तीस अन् घरच्या पोराला भिववून राहिलीस व्हय?”

प्रतिक्षा खो खो हसली. द्वारकाबाईचाच शब्द तिच्यावर उलटला होता.

“मंग दांड्याला मी ऱ्हाईन,” एवढंच ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ऊन चढायच्या आत विजयकुमार टोपल्यात उभा राहून खाली गेला. रहाटाच्या एका दांड्याला द्वारकाबाई, दुसऱ्याला शेजारच्या तांड्यावरचा खेमा. पहिली पाच-सहा टोपली गाळ नीट वर आला. द्वारकाबाई एक शब्द बोलत नव्हती. कान विहिरीत होते तिचे.

प्रतिक्षा मोबाइल घेऊन आली. “आजी, आजचं इथूनच करू. नवी बातमी हाय, परवा शपथ घेतलेल्यानं पुन्हा पक्ष बदलला.”

“आज न्हाई. जा.”

पण खेमाला कुठं राहवतंय! “बदलला तर काय झालं काकू? काम करतोय न्हवं? आमच्या तांड्याला रस्ता त्यानंच देला.”

“रस्ता? त्याला रस्ता म्हन्तोस?” द्वारकाबाई उसळली. इतक्या वर्षांची खोड, ती एका सकाळीत कशी जाणार? “अरे, त्या रस्त्यानं बाळंतीण गेली तर दवाखान्याआधीच मोकळी व्हती! अन् तुमी त्याला हार घालून राहिले. मी तुला सांगते खेमा, ह्या लोकाइला एकदा जर...”

ठक. ठक. ठक.

तिचं तोंड उघडंच राहिलं. तोच काठ, तोच दांडा, आणि तसंच अर्धं वाक्य. या वेळी तिनं ते पुरं केलं नाही.

“वढ!”

“काय झालं काकू?”

“तीन ठोके वाजले. वढ म्हन्ते न्हवं! इज्या, टोपल्यात उभा ऱ्हा! इज्या रे!”

खेमाला काहीच ऐकू आलं नव्हतं, पण तिचा चेहरा बघून त्यानं दांड्याला जोर लावला. विजयकुमार गुडघ्यापर्यंत गाळानं माखून वर आला तो वैतागलेलाच.

“काहून वढलं?”

“तू ठोकलंस.”

“मी? कशानं ठोकू? पहार तर वरीच हाय.”

पहार खरंच वर होती, खेमाच्या पायाशी. विजयकुमार फक्त फावडं घेऊन उतरला होता, आणि ते तळाच्या चिखलात उभं रोवलेलं काठावरून दिसत होतं. सगळ्यांनी वाकून पाहिलं. विहिरीत एक खडाही पडला नाही. पडला असता तर बरं झालं असतं असं द्वारकाबाईला वाटलं. निदान ठोक्यांचा अर्थ लागला असता.

ती काठावर बसली. प्रतिक्षाच्या हातातला मोबाइल चालूच होता.

“इज्या, तुज्या बापानं ठोकलं व्हतं,” ती म्हणाली. “त्या दिवशी. मला ऐकू आलं. माझं बोलनं चालू व्हतं म्हनून मी थांबले.”

विजयकुमारला आधी कळेना. मग कळलं. तो तिच्याकडे बघत राहिला, आणि त्या नजरेची वाट ती अकरा वर्षं बघत होती, तरी ती नजर तिला सोसवेना. ती उठली. रिकामं टोपलं तिनं पुन्हा विहिरीत सोडलं. दोर संपेपर्यंत सोडलं, तळाला टेकल्याचं हाताला कळलं तशी थांबली. एक माणूस टोपल्यात नीट उभा राहायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ तिनं दिला. मग दांडा धरून ओढायला लागली.

“काकू, कुनी न्हाई खाली,” खेमा हळूच म्हणाला.

तिनं ऐकलं नाही. चार फेऱ्यांत तिला धाप लागली. विजयकुमार पुढं झाला आणि खेमाला बाजूला करून त्यानं दुसरा दांडा धरला. आईच्या समाधानासाठी, बस. रिकामं टोपलं दोन बोटांनी वर येतं, हे त्याला लहानपणापासून माहीत होतं.

पहिली फेरी फिरवली आणि त्यानं आईकडे पाहिलं. मग दोन्ही पाय रोवले आणि खांद्यातून जोर लावला. दोर ताठ झाला होता, रहाट करकरत होता. दोघं मायलेक घामेघूम होईपर्यंत ओढत राहिली.

टोपलं काठाला आलं. त्यात चिमूटभर गाळसुद्धा नव्हता.

द्वारकाबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि वाट सोडून एक पाऊल मागं सरकली.

“लई येळ लावला मी,” ती म्हणाली.

दोर एकदम सैल पडला. विजयकुमारनं तरीही दांडा सोडला नाही. दुसरा हात त्यानं रिकाम्या टोपल्याकडे पुढं केला, उतरणाऱ्याला आधार द्यावा तसा.