गेथिनची घळ

माझ्या नवऱ्याला आमच्या डोंगरावरच्या एकेका धोंड्याचं नाव पाठ आहे, पण माझा वाढदिवस त्याला दर वर्षी कुणीतरी सांगावा लागतो. गावात त्याला 'नाववाला इथेल' म्हणतात. वेल्समधल्या आमच्या या खोऱ्यात पॅरी आडनावाचे इतके लोक आहेत की माणसाला त्याच्या खोडीवरूनच ओळखावं लागतं, आणि इथेलची खोड ही. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात तो मला फिरायला म्हणून वर घेऊन गेला आणि दिवसभर ओहोळांची, टेकाडांची, दलदलीच्या तुकड्यांची नावं सांगत राहिला. उतरताना मी विचारलं, "इथेल, माझं नाव काय, आठवतंय का?" तो लाजला. लाजला की तो फार देखणा दिसायचा, म्हणून मी पुढे बोलले नाही.

त्याचं वेड मला पटायचं मात्र. बाहेरच्या लोकांनी इथे घर घेतलं की आधी दारावरची पाटी बदलायची. ज्या घराला पिढ्यान्‌पिढ्या 'वाऱ्याची खिंड' म्हणत, ते एका शनिवारी 'गुलाब कुटी' व्हायचं. तळ्यांना, कड्यांना गिर्यारोहक स्वतःच्या मनाने इंग्रजी नावं द्यायचे आणि तीच नकाशात यायची. इथेल म्हणायचा, "जुन्या नावावर नवं नाव ठेवणं म्हणजे कुणाच्या तरी तोंडावर हात दाबणं." म्हाताऱ्या मेंढपाळांकडे बसून त्याने नावं गोळा केली, सभा घेतल्या, भांडणं केली, चार जणांचे शिव्याशापही खाल्ले. राष्ट्रीय उद्यानवाल्यांनी आमच्या सगळ्यात उंच शिखराला इंग्रजी 'स्नोडन' सोडून वेल्श 'अर विद्वा' म्हणायचं ठरवलं, त्या दिवशी दारूला शिवायचं नाही अशा चॅपेलच्या संस्कारात वाढलेल्या या माणसाने बाटली उघडली. त्याच्याबरोबर मीही प्यायले. मी त्याच्याच बाजूची होते, हे आधीच सांगून ठेवते.

गेथिन आमचा एकुलता एक. बापाची नावं त्याला बोलायला लागल्यापासून येत होती. चोविसाव्या वर्षी तो गेला, शरद ऋतूत, डोंगरावरून मेंढ्या खाली आणायच्या दिवशी.

त्या दिवशी सगळं खोरं एक होतं. शेजारपाजारचे लोक आपापली कुत्री घेऊन येतात, डोंगराला पसरून वेढा घालतात आणि मेंढ्या खाली हाकत आणतात. धुकं असलं की शेजारचा माणूसही दिसत नाही, मग एकमेकांना जागेचं नाव ओरडून सांगायचं, मी इथे आहे, इथलं मोकळं झालं. पलीकडच्या उताराची चराई आम्ही त्याच वर्षी घेतली होती. तिथलं कुटुंब फार पूर्वी लिव्हरपूलला निघून गेलं होतं, घर सुट्टीवाल्यांचं झालं होतं, आणि त्या उताराची नावं सांगणारं कुणी उरलं नव्हतं. नाववाल्या इथेललाही तिथलं काही ठाऊक नव्हतं. एक मेंढी कळप सोडून त्या बाजूच्या एका घळीत शिरली आणि गेथिन तिच्यामागे उतरला. घळ वरून रुंद, हिरवी, सरळ खाली घेऊन जाईलशी वाटते. थोडी वळते आणि पुढे जमीनच संपते. मेंढीही गेली आणि माझा मुलगाही गेला.

त्यानंतर लोक त्या जागेला 'गेथिनची घळ' म्हणायला लागले. कुणी ठरवून ठेवलं नाही. बोलताना काहीतरी म्हणावं लागतं, तसं ते झालं. पुढे ते फिरायला येणाऱ्यांच्या नकाशातही छापलं गेलं.

आणि मग दर वर्षी, मेंढ्या उतरवायच्या दिवशी, मी अंगणात उभी असताना वरून हाका ऐकू यायला लागल्या. पहिली हाक आमच्या शेजाऱ्याची, उम्फ्राची. त्याचा आवाज सगळ्या खोऱ्याला पुरतो. "गेथिऽऽन!" आणि पलीकडून कुणाचं तरी उत्तर, "गेथिन मोकळी!" पहिल्या वर्षी माझ्या हातून बादली पडली. दुसऱ्या वर्षी मी मुद्दाम लवकर उठून अंगणात गेले. कुणाला वेड वाटेल, वाटू दे. ज्या पोराला जेवायला ये म्हणून मी त्याच डोंगराकडे तोंड करून ओरडायची, त्याला वर्षातून निदान एकदा कुणीतरी मोठ्याने हाक मारत होतं. घरात आम्ही दोघं ते नाव घेतच नव्हतो. इथेलला ते घेता येत नव्हतं, आणि मी घेतलं की तो उठून बाहेर जायचा.

गेल्या हिवाळ्यात इथेल वृद्धाश्रमात लिनेद नावाच्या म्हातारीला भेटायला गेला. तिचं लहानपण पलीकडच्या त्या सुट्टीवाल्यांच्या घरात गेलं होतं, हे त्याला नुकतंच कळलं होतं. संध्याकाळी गाडी अंगणात आली आणि हा उतरेच ना. दिवे चालू, इंजिन चालू. मी शाल घेऊन बाहेर गेले.

"काय रे, आता गाडीतच राहणार आहेस का?"

तो समोर बघत म्हणाला, "हावन दुइल. फसवी घळ. लिनेदची आई पोरांना तिकडे फिरकू द्यायची नाही म्हणे. ती गाणं म्हटल्यासारखी हसत हसत सांगत होती, एलेरी."

मला क्षणभर कळलं नाही. मग कळलं आणि मीही गाडीत त्याच्या शेजारी जाऊन बसले.

"मला नाव माहीत असतं," तो म्हणाला, "तर सकाळी चहा घेताना मी त्याला म्हटलं असतं, फसवीकडे जाऊ नकोस बाबा. एवढंच. एवढंच म्हणायचं होतं मला."

उन्हाळ्याच्या आत उद्यानाचा नवा नकाशा व्हायचा होता, सगळी नावं वेल्श. त्या घळीचं जुनं नाव परत आलं पाहिजे, असं इथेलने नावं ठरवणाऱ्या मंडळीत सांगितलं. मला घरी येऊन सांगितलं तेव्हा मी बटाटे सोलत होते.

"दोन्ही लिहा की," मी म्हटलं. "नकाशात जागा कमी पडते का?"

"नकाशात आहे जागा. धुक्यात नाही. धुक्यात माणूस एकच नाव ओरडतो."

"मग तेच ओरडू दे. गेथिन काही इंग्रजी नाव नाही. तुझ्या मंडळीला त्याचं काय वावडं?"

"एलेरी, जुन्या नावावर नवं ठेवणं..."

"तोंडावर हात दाबणं. ऐकलंय मी ते भाषण, चॅपेलच्या मागच्या खोलीत, बिस्किटं वाटताना. कुणाच्या तोंडावर रे? लिनेदच्या आईच्या? ती कधीच मेली. माझ्या पोराच्या तोंडावर तू हात दाबायला निघालास."

तो उठून बाहेर गेला. मी सोललेला बटाटा पुन्हा सोलत बसले.

उद्यानाची बाई चांगली होती. घरी येऊन म्हणाली, "घरच्यांची इच्छा नसेल तर आम्ही हात लावणार नाही. तुम्ही सांगाल तसं." इथेलने तिच्यासमोर माझ्याकडे बोट केलं. "हिला विचारा. ही म्हणेल ते." मला त्याचा असा राग आला की सांगता येत नाही. भांडला असता तर मी जिंकले असते.

मार्च गेला, कोकरं झाली, आमचं बोलणं मेंढ्यांपुरतं उरलं. एप्रिलच्या शेवटी एका स्वच्छ दिवशी मी एकटीच वर गेले. त्या घळीपाशी मी आजवर गेले नव्हते. मनात होतं, तिथे उभं राहून गेथिनलाच विचारू.

घळीच्या तोंडाशी एक कुटुंब बसलं होतं. बाई, पुरुष, आणि एक लहान मुलगी. इंग्रज. सँडविच खात होते. मुलगी गवतात लोळत होती. मला पाहून बाई छान हसली.

"इथूनच खाली जाते ना वाट? नकाशात गेथिनची घळ लिहिलंय. किती गोड नाव आहे! हा गेथिन म्हणजे ज्याने ही वाट केली तो का?"

मी काय बोलले ते मला नीट आठवत नाही. ओरडले एवढं नक्की. मुलगी रडायला लागली, पुरुष उठून उभा राहिला, त्याला वाटलं मी त्यांना हाकलून लावतेय. शेवटी मी त्या पोरीचा हात धरला आणि तिला ओढतच वर मोठ्या वाटेपर्यंत नेलं. आईबाप मागून धावत आले. ते जाताना मला वेडी म्हणाले असतील. मी खाली गवतात बसले आणि घळीकडे बघितलं. खरंच सुंदर दिसत होती. हिरवी, मऊ, सावलीची. माझ्या मुलाच्या नावाने ती लोकांना आत या म्हणत होती.

घरी आल्यावर मी इथेलला म्हटलं, "सांग त्या बाईला. फसवी लिहा म्हणावं, खाली इंग्रजी अर्थासकट."

त्याने माझा हात धरला. मी धरू दिला, पण मी त्याला माफ केलं नव्हतं. कशासाठी माफ करायचं होतं तेही मला माहीत नव्हतं. त्याचं बरोबर होतं आणि त्यामुळे माझं काहीच कमी दुखत नव्हतं.

नवा नकाशा आला. खोऱ्यातल्या लोकांनी ऐकलं, मान हलवली, आणि शहाण्या माणसांसारखी आपापली जीभ बदलली. मला वाटलं होतं, निदान दोनचार वर्षं तरी चुकतील.

या शरद ऋतूत मेंढ्या उतरवायच्या दिवशी सकाळपासून धुकं होतं. मी अंगणात गेले नाही. स्वयंपाकघरातच राहिले, मटण-बटाट्याचा रस्सा शिजत होता, पण खिडकी उघडीच ठेवली होती. उम्फ्राचा आवाज आला. "गे..." आणि थांबला. इतका वेळ थांबला की मी हातातली पळी ठेवली. मग त्याने ओरडून म्हटलं, "फसवीऽऽ!" पलीकडून एका बाईच्या आवाजात उत्तर आलं, "फसवीवर मी आहे! वरच थांबते!"

तो आवाज माब्लीचा. बाला गावापलीकडची मुलगी, ऑगस्टपासून उम्फ्राकडे मेंढ्या बघायला राहिली होती. दुपारी सगळे भिजलेले, चिखलाचे, आमच्याकडे जेवायला आले. माब्ली शेवटी आली. तिने दारात बूट काढले आणि मला म्हणाली, "मिसेस पॅरी, वास फार भारी येतोय."

"मिसेस पॅरी माझी सासू होती. मला एलेरी म्हण आणि बस."

ती बसली आणि भराभर जेवायला लागली. तोंडात पाव असतानाच इथेलला म्हणाली, "तुमची एक मेंढी गेली हं. काळ्या कानाची. फसवीत शिरली. मी कुत्र्याला मागे बोलावलं आणि तिला जाऊ दिलं. मला इथलं काही माहीत नाही बाबा, मी आपली नावं ऐकून चालते. फसवी म्हटल्यावर कोण जाईल आत? वाईट वाटलं, पण म्हटलं, मेंढीच आहे."

उम्फ्रा ताटात बघत राहिला. इथेलने पाव खाली ठेवला. त्याचा चेहरा असा झाला होता, जसा मी त्या दिवशीही पाहिला नव्हता. त्या दिवशी तो रडला नव्हता. आता सगळ्यांसमोर, तोंड न झाकता तो रडत होता.

माब्लीने इकडेतिकडे पाहिलं. "चुकलं का माझं? मी उतरायला हवं होतं का?"

"नाही पोरी," इथेल म्हणाला. "नाही, नाही. बरोबर केलंस तू." आणि खुर्ची मागे सारून तो बाहेर गेला. उम्फ्रा त्याच्यामागे गेला. बाकीचेही एकेक करत उठले.

मी तिच्या ताटात आणखी रस्सा वाढला. ओल्या केसांची, गाल लाल झालेली, धडधाकट, जिवंत. मला आनंद व्हायला हवा होता. तिच्या आईला आज कुणाचा फोन जाणार नव्हता. आणि तरी मला तिचा राग येत होता, की ती वर थांबली आणि तो थांबला नाही. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

"एलेरी," ती हळूच म्हणाली, "झालं काय? काय बोलले मी असं?"

तिला खरंच माहीत नव्हतं. तिला कुणी सांगितलंच नव्हतं. आजवर इथे येणाऱ्या कुणालाही मला सांगावं लागलं नव्हतं. कुणी नकाशात वाचायचं, कुणी हाक ऐकून विचारायचं, आणि कुणीतरी शेजारी, मी नसताना, त्यांना सांगून ठेवायचा. आता विचारणारं कुणी असणार नव्हतं, आणि सांगायचं तर ते मलाच सांगावं लागणार होतं, पहिल्यापासून, दर नव्या माणसाला.

मी तिच्यासमोरची खुर्ची ओढून बसले.

"आम्हाला एक मुलगा होता," मी म्हणाले. हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदाच बोलत होते.