मागच्या सीटवरची दोन माणसं

हे तुम्हाला खरं वाटणार नाही. माझ्या बायकोला, मंगलीलाही वाटलं नसतं, आणि तिनं तर माझ्या उडत्या रानडुकरावरही विश्वास ठेवला होता. पण धानोऱ्याचं मोहफूल खरेदीचं केंद्र बंद पडता पडता राहिलं, ते एका वाघामुळे आणि माझ्यामुळे. त्यातही वाघाचं काम कमी.

परवा ठमाबाईच्या अंगणात मी हेच सांगत होतो. ठमाबाई माझी शेजारीण. तिच्या छपरावर सोलर आहे, अख्ख्या टोलीचे, म्हणजे आमच्या वस्तीचे, फोन तिच्याच घरी चार्जिंगला असतात, म्हणून सांजच्याला माणसंही तिथंच जमतात. मी तर रोज जातो. मंगली गेल्यापासून घरात बोलायला चूल तेवढी आहे.

मी मोह खरेदी करणाऱ्या कंपनीचा जीप ड्रायव्हर होतो. रोज गडचिरोलीहून दोघांना धानोऱ्याला न्यायचं. प्रफुल्लसाहेब मॅनेजर, खरेदी, गोदाम, माल सगळं त्यांच्याकडे. निशात मॅडम चंद्रपूरच्या, कॉम्प्युटरचं काम त्यांच्याकडे. दोघं मागच्या सीटवर, मधे बॅग. एकमेकांशी एक अक्षर बोलायचे नाहीत. जे बोलायचं ते माझ्या पाठीकडे बघून.

"चैतूभाऊ, मॅडमले सांगा, त्यांची मशीन मले चोर ठरवून राह्यली."

"भाऊ, साहेबाले सांगा, त्यांनी जे लिहून देल्लं तेच मी टाकलं. मशीन सही आहे."

झालं होतं असं. बाया टोपल्यांतून मोह आणायच्या, त्याचं वजन मॅडमच्या मशीनमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरमध्ये चढायचं. गोदामातून माल निघताना तेच वजन निम्म्याच्या खाली आलेलं असायचं. मशीन म्हणायची माल चोरीला गेला, आणि पुढची खरेदीच बंद करून टाकायची. बाया उन्हात टोपल्या धरून बसून. मोठ्या ऑफिसनं सांगितलं होतं, मोहाचा हंगाम सरायच्या आत हे सुरळीत झालं नाही तर केंद्राला कुलूप.

मी दोघांचे निरोप पोचवायचो, पण जसेच्या तसे नाही. साहेब मशीनला बेकार म्हणाले की मी सांगायचो, मशीन थकली असन म्हणते. मॅडम म्हणाल्या की साहेबांना काही समजत नाही, तर मी सांगायचो, साहेबांनी आराम करावा म्हणते. खरं म्हणजे मला ते आवडायचं. दिवसभरात माझं नाव घेणारं दुसरं होतंच कोण? जीपमध्ये मात्र चैतूभाऊ, चैतूभाऊ. हे दोघं आपसात बोलायला लागले तर मला कोण हाक मारणार? आणि नाही बोलले तर केंद्र जाणार, जीपही जाणार.

मग एक दिवस रस्त्याच्या मधोमध वाघ येऊन बसला. बैलगाडीएवढा. मी जीप थांबवली आणि चावी काढून खिशात घातली.

साहेब कुजबुजले, चैतूभाऊ, मॅडमले सांगा काच वर करा. मी गप्प. मॅडम कुजबुजल्या, साहेबाले सांगा हलू नका. मी गप्प. वाघासमोर ड्रायव्हर बोलला तर वाघ गाडी चालवायला मागतो, हे आमच्या टोलीत सगळ्यांना ठाऊक आहे.

शेवटी त्यांना एकमेकांशीच बोलावं लागलं. आधी वाघाबद्दल, मग उन्हाबद्दल. मग मॅडमनी हळूच विचारलं, "साहेब, खरं सांगा, अर्धा माल जाते कुठी?"

"जाते कुठी म्हणजे? वाळते. ओला मोह घेतो आपण, वाळवतो, मंग भरतो."

"हे मले काऊन नाई सांगितलं?"

"मोह वाळते हे का सांगा लागते? तुमी काऊन नाई विचारलं?"

"मले वाटलं, वजन म्हणजे वजन."

वाघानं जांभई दिली. मग मधली बॅग खाली गेली आणि तिच्या जागी लॅपटॉप आला. ओल्याचा एक खाना, वाळलेल्याचा दुसरा, मधे घट किती धरायची ते साहेब सांगत होते, मॅडम टाकत होत्या. वाघ ऊन कलेपर्यंत ऐकत बसला. त्याला सगळं नीट समजलं तेव्हाच तो उठला, आणि जाताना मान डोलावून गेला.

केंद्र वाचलं. मोह सरेपर्यंत मशीन पुन्हा अडली नाही. मागच्या सीटवर दोघं बोलायचे, हसायचे. एकदा मी मधेच म्हणालो, मॅडम, साहेब म्हणून राह्यले... दोघंही थांबले, माझ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा आपलं बोलायला लागले. पुढे तर सगळं फोनवरच होऊ लागलं. मॅडम चंद्रपुरात, साहेब गोदामात. जीप लागेनाशी झाली. मी घरी आलो.

एवढं सांगून मी थांबलो. अंगणात वाघाला कोणी हरकत घेतली नव्हती, पण आता सगळे माझ्याकडे ज्या कीव करणाऱ्या नजरेनं पाहत होते ती मला सोसेना. म्हणून पुढचं सांगितलं. म्हटलं, मले इसरले नाई ते. रोज सांजच्याले फोन येते. आधी साहेबाचा, मंग मॅडमचा. चैतूभाऊ, तुमच्याबिगर जमत नाई म्हणते. कालच मॅडम अर्धा घंटा बोलल्या.

ठमाबाई तांदूळ पाखडत होती. तिनं सूप मांडीवर ठेवलं.

"चैतूभाऊ, डुक्कर उडालं, वाघानं मान डोलावली, आमी ऐकून घेतलं. पन तुमचा फोन पोळ्यापासून माह्या घरी चार्जिंगले पडला आहे. एकडावबी वाजला नाई."