सोनाबाईंची दोन पाने

दिनानाथने डावभर वालाचे बिरडे सोनाबाईंच्या दुसऱ्या ताटात तिसऱ्यांदा वाढले आणि त्यापायी आगबोटीवरची त्याची नोकरी गेली.

नोकरी गेली हे तूर्त घडलेलेच नाही असे धरून चालावे. अजून दुपारचे बारा वाजताहेत, रेवदंडा मागे पडले आहे, समुद्र निजल्यासारखा आहे, आणि दिनानाथ आगबोटीच्या भोजनगृहाचा मुख्य वाढपी असून उद्या सकाळी कायम व्हायचा आहे. तो चालतोही कायम झाल्यासारखाच.

चौतीस सालच्या त्या हंगामात कंपनीने वरच्या वर्गाच्या उतारूंसाठी हे भोजनगृह उघडले होते. लाटेने ताट घसरू नये म्हणून टेबलांना लाकडी कड होती. चोवीस खुर्च्या जमिनीला स्क्रूने पक्क्या केलेल्या होत्या. प्रत्येक खुर्ची एकेका लोखंडी खांबावर होती आणि बसल्या जागी गरगर फिरे. कंपनीने मुंबईच्या हॉटेलातला एक बटलरही आणला होता. तो पहिल्याच फेरीत समुद्र लागून रेवदंड्याला उतरला आणि म्हणे अलिबागमार्गे चालत परत गेला. त्याच्या जागी दिनानाथ आला. म्हसळ्याच्या आसपासची पंधरा वर्षांची लग्ने त्याने वाढली होती. त्याने आल्या दिवशी काटे-सुरे मोजून पाहिले, फडक्यात बांधले, कपाटात ठेवले आणि बोटीवर पंगत सुरू केली.

पंगतीचे नियम त्याने वेगळे सांगितले नाहीत, ते उतारूंना आईच्या दुधाबरोबर मिळालेले होते. सगळ्यांना वाढून होईतो घास उचलायचा नाही. सर्वांत वडील माणूस उठेपर्यंत उठायचे नाही. आणि एक जण जरी जेवत असला तरी वाढप्याने हातातले भांडे खाली ठेवायचे नाही. कंपनीचा नियम मात्र काचेच्या चौकटीत टांगलेला होता : बंदर येण्यापूर्वी अर्धा तास भोजनगृह मोकळे झाले पाहिजे. कारण साधे होते. जे चार गडी वाढायला, तेच चार गडी बंदरात शिडी सोडायला. हे सगळे नियम महिनाभर एकाच खोलीत सुखाने नांदले होते.

पर्सर चांगदेव, म्हणजे बोटीवरचा तिकिटांचा कारकून, यादी घेऊन दारात उभा राहिला.

"अकरा नंबर भागोजी. बारा सोनाबाई. तेरा सोनाबाई. चौदा रघू."

"दोन सोनाबाई?" दिनानाथने विचारले.

"बाई एकच. तिकिटं दोन आहेत."

सोनाबाईंच्या एका डोळ्यावर हिरवी पट्टी होती. मुंबईच्या इस्पितळात मोतीबिंदू काढून त्या म्हसळ्याजवळच्या आपल्या गावी निघाल्या होत्या. थोरला भागोजी गिरणीत होता, धाकटा रघू गोदीत. आईला घरी पोचवायचा मान कोणाचा हे दोघांनी एकमेकांना विचारले नाही, कारण ते एकमेकांशी बोलत नव्हते. भागोजीने आपले आणि आईचे तिकीट काढले. रघूनेही आपले आणि आईचे काढले. थोरल्याने वरच्या वर्गाचे काढल्याचे कळले तेव्हा रघूने आपली दोन्ही तिकिटे बदलून आणली.

भांडण फणसाचे होते. फणस दोघांच्या बांधावर होता. सहा वर्षांपूर्वीच्या वादळात तो पडला, पण भांडण त्याच्याही आधी पाच वर्षांचे, म्हणजे चांगले मुरलेले असल्यामुळे, उभे राहिले. गावच्या घराला मधोमध कूड घातला गेला. सोनाबाई एक दिवस कुडाच्या अलीकडे जेवत, एक दिवस पलीकडे. भांडण लागल्यापासून, दोन्ही डोळे धड होते तेव्हाही, त्यांनी आपले दोन मुलगे एका पंगतीत पाहिले नव्हते.

आता ते पाहायला मिळत होते, पण जरा विचित्र तऱ्हेने. खुर्च्या हलवता येत नव्हत्या, तेव्हा भागोजीने आपली खुर्ची डावीकडे फिरवली, रघूने उजवीकडे. मधे सोनाबाई बारावर बसल्या होत्या आणि तेरा नंबरची खुर्ची रिकामी होती. तिच्यासमोरही ताट मांडलेले होते.

"आये, ह्याला सांग, कोपर आवर म्हनावं," भागोजी खिडकीला म्हणाला.

"आये, त्याला सांग, समुद्र त्याच्या बापाचा न्हाय म्हनावं," रघू समोरच्या भिंतीला म्हणाला.

"दोघांचा बाप येकच व्हता," सोनाबाई म्हणाल्या. "वाढ रे बाबा तू."

दिनानाथने वाढण्याआधी रिवाजाप्रमाणे विचारले, "मंडळी, पंगतीत वडील कोण?"

अलिबागचे एक पेन्शनर घसा साफ करून म्हणाले की आपल्याला एकसष्टावे चालू आहे.

"मला माझं ठाव न्हाय," सोनाबाई म्हणाल्या. "पन ह्या थोरल्याला नातू हाय."

पेन्शनर खाली बसले. ते उभे राहिल्याचे कोणाच्या लक्षातही आले नव्हते.

दिनानाथने भात वाढला, बिरडे वाढले, पापड, लोणचे, कोकमाचे सार. तेरा नंबरच्या ताटातही वाढले, कारण तिकीट होते. सोनाबाईंनी घास उचलला आणि चोवीस खुर्च्यांची पंगत जेवू लागली. तेविसांची, पण यादीप्रमाणे चोविसांची.

एक वाजता चांगदेव घड्याळ हातात घेऊन आला. सगळ्यांची ताटे रिकामी झाली होती, उष्टे हात वाळत होते. सोनाबाईंनी आपले ताट बोटाने निपटून घेतले होते. एकही जण उठला नव्हता.

"दिनानाथ, खोली मोकळी कर. दीडला दिघी."

"पंगत चालू आहे, चांगदेवराव."

"कोण जेवतंय?"

"तेरा नंबर भरलेलं आहे."

"तेरावर माणूसच नाही!"

"तुमच्या यादीत आहे."

चांगदेवने यादी पाहिली. यादी त्याच्याच हस्ताक्षरात होती. तो सोनाबाईंकडे वळला.

"आजी, ते ताट राहू द्या."

"राहू दे म्हंजी? समुद्रात टाकू म्हनतोस?" सोनाबाई म्हणाल्या. "अन्न?"

पंगतीतल्या बावीस माणसांनी चांगदेवकडे पाहिले. तो एका पायावरून दुसऱ्या पायावर आला.

"तसं नाही. मग जेवून घ्या पटकन."

"माझं प्वाट भरलं. म्हातारीच्या पोटात दोन पानं मावतील व्हय रं?"

"मग काय करायचं?"

"ते तुमी बघा," असे म्हणून सोनाबाईंनी दोन्ही हात पदराखाली घेऊन मांडीवर ठेवले आणि एका डोळ्याने समोर पाहत राहिल्या.

डाव्या हाताला मुरुडच्या माडांची रांग सरकू लागली. म्हसळ्यालाच निघालेले गिरगावचे एक वकील अस्वस्थ झाले. म्हसळ्याला जायचे तर दिघीहून खाडीने मचव्यात जावे लागे आणि तो दोनच्या आत निघाला नाही, तर ओहोटीने खाडीतले पाणी ओसरे.

"आजी," वकील म्हणाले, "कायद्याने पाहिलं तर..."

"तुमचं जेवान झालं का?" सोनाबाईंनी विचारले.

"झालं."

"पोटभर?"

"हो, पोटभर."

"मग बसा की जरा."

वकिलांनी खुर्ची खिडकीकडे फिरवली. भागोजीला मात्र मचवा चुकवून चालणार नव्हते. त्याने खुर्ची फिरवली, हात लांब केला आणि तेरा नंबरचे ताट आपल्याकडे ओढले. ते मधेच अडले, कारण दुसऱ्या बाजूने रघूने कड धरली होती.

"ह्ये माझ्या तिकिटाचं ताट हाय," रघू म्हणाला.

"चांगदेवराव, बगा वो कुनाचं ते," भागोजी म्हणाला.

चांगदेवला यादी वाचण्यावाचून दुसरे सुख उरले नव्हते. "बारा नंबर भागोजींनी काढलेलं. तेरा रघूनी."

"बघ!" रघू म्हणाला.

"तिकीट तुजं असंल. आय माझी न्हाय व्हय?"

अकरा वर्षांत दोघे भाऊ एकमेकांशी प्रथमच बोलले होते. भांडलेच होते, पण त्यासाठी दोघांनाही खुर्च्या आत फिरवाव्या लागल्या होत्या आणि आता ते समोरासमोर होते. ताट मधोमध राहिले. भागोजीने आपल्या बाजूने कालवायला सुरुवात केली, रघूने आपल्या. भाताच्या मुदीचा मधला भाग दोघांनीही सोडला. दोन्हीकडून जेवण जसजसे खोल जाऊ लागले तसतसा ताटात एक सरळ, उंच बांध उभा राहिला. दोघांनाही बांधाची चांगली सवय होती. पण एवढ्यात बोट हलकेच कलली, बांध मधे फुटला आणि भागोजीकडचे सगळे बिरडे रघूच्या बाजूला वाहत गेले.

रघूने त्या बिरड्याकडे पाहिले, मग बोटांनी थोडे भावाकडे लोटले. थोडेच.

ताट रिकामे होत आले. चांगदेव हसला. वाढपी दादू हातातली भाताची परात खाली ठेवण्याच्या बेतात वाकला. दिनानाथने त्याला मानेनेच थांबवले आणि बिरड्याची बादली घेऊन ताटापाशी गेला. पुरे असेल तर ताटावर हात आडवा धरायचा असतो आणि ज्याचे पान त्यानेच तो धरायचा असतो. पान सोनाबाईंचे होते. दिनानाथ थांबला, सगळ्यांना दिसेल इतका वेळ थांबला. सोनाबाईंचे हात पदराखालून बाहेर आले नाहीत. त्या नुसत्या त्याच्याकडे पाहत होत्या.

दिनानाथने दादूला भात घालायला लावला आणि वर बिरडे वाढले.

"अरे ए!" चांगदेव ओरडला.

"हात आडवा आला नाही," दिनानाथ म्हणाला.

दिघीसमोर बोट थांबली. शिट्टी झाली. मग दुसरी झाली. मचवेवाले खालून काय म्हणत होते ते वरच्या वर्गापर्यंत अर्धेच पोचत होते, पण तेवढे पुरेसे होते. कप्तानाने माणूस पाठवला, शिडी का सोडत नाहीत? शिडी सोडणारे चार गडी हातात परात, बादली, पापडांची टोपली आणि साराचे भांडे घेऊन उभे होते. कप्तानाच्या माणसाने ते पाहिले आणि हा निरोप वर कसा सांगायचा याचा विचार करीत जिना चढला. पेन्शनर म्हणाले, रिकामे बसण्यापेक्षा आपण थोडा भात घेऊ, आणि त्यांनी घेतला. मग वकिलांनीही घेतला.

भागोजी आता हळू जेवत होता. ताट दुसऱ्यांदा तळाला आले.

"झालं माझं," रघू म्हणाला. मग ताटाकडेच पाहत दिनानाथला म्हणाला, "थोरल्याला वाढा."

"नको, नको. त्याला वाढा," भागोजी म्हणाला. "बिरडं म्हनलं की त्याला ल्हानपनापासनं कमीच पडतं."

"थोरल्याला वाढा म्हनतो ना मी!"

"तू गप. वाढा वो त्याला."

सोनाबाईंनी पदराने चांगला डोळा पुसला. पट्टीखालच्या डोळ्याला हात लावायला डॉक्टरांनी बंदी केली होती. हात मात्र त्यांनी आडवा धरला नाही. अशा वेळी वाढप्याला दुसरा मार्ग नसतो. दिनानाथने तिसऱ्यांदा वाढले.

दोन वाजून चाळीस मिनिटांनी सोनाबाईंनी रिकाम्या ताटावर हात धरला, टेबलाच्या कडेला टेकून उठल्या आणि मागोमाग खडखडून सगळी पंगत उठली. हात धुवायच्या टाकीतले पाणी पुढे गेलेल्यांनी संपवले. भागोजीने पितळी तांब्या उचलला आणि रघूच्या हातांवर धार धरली. पाणी त्याने जपूनच ओतले. रघूने तक्रार केली नाही.

खाडीचे पाणी अर्थातच गेले होते. बोट श्रीवर्धनकडे वळली तेव्हा दिघीचा मचवा चिखलात कलून बसला होता आणि धक्क्यावर एकाच ट्रंकेवर तीन माणसे बसली होती. पुढच्या भरतीपर्यंत त्यांना दुसरीकडे जायला जागा नव्हती. धाकटा हातवारे करून काही सांगत होता. बहुधा फणसाचेच असावे. थोरला ऐकून घेत होता.

दिनानाथने हे कठड्यापाशी उभे राहून पाहिले आणि मग ताटे मोजायला आत गेला. चोवीस भरली.

दुसऱ्या दिवशी तो कायम झाला नाही. कशामुळे, ते सांगितलेच आहे. कंपनीने काढण्यापूर्वी रीतसर खुलासा मागवला. दिनानाथने तो एखाद्या वकिलाकडून न लिहविता स्वतः, एका बैठकीत लिहिला :

"आपण खुलासा विचारला त्यास उत्तर की, बोटीच्या चालीत अगर वाढपात काही कसूर झालेली नाही. बारास बसलेली पंगत दोन चाळीसला उठली, व बोट नेमाप्रमाणे दीडला दिघीस पोचली. म्हणजे अंतर एक तास दहा मिनिटांनी कमी पडते. पंगत त्याहून लवकर उठविणे योग्य नाही. सबब विनंती की, दिघी बंदर सध्याच्या जागेवरून निदान दहा मैल दक्षिणेस हलविण्यात यावे. श्रीवर्धन आड येत असल्यास तेही त्याच मानाने पुढे सरकवावे. काम पावसाळ्यापूर्वी पुरे करून तसे लेखी कळविण्याची मेहेरबानी व्हावी."